धाकट्या भावाची साखर

अमरावतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. सुई टोचताना मी समोरच्याचा चेहरा कधी पाहत नाही. त्या दिवशी पाहिला, कारण समोर माझा धाकटा भाऊ बसला होता.

त्याची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग आहे. तिकडे केलेल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठ्याण्णव निघाली आणि गडी पार खचला. आमच्या बाबांचा पाय साखरेपायीच गुडघ्याखालून कापावा लागला होता. फोनवर त्यानं जाहीर केलं, "मी रोजच्या सुया टोचून घेनार नाही. काय व्हायचं ते होऊ दे."

मी भडकले. "मुकाट्यानं रिपोर्ट पाठव," म्हटलं.

रिपोर्ट पाहिला आणि मी खुर्चीतून उठलेच. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा जेमतेम काठावर होता, आणि उपाशीपोटीची साखर एवढी? काही केल्या मेळ बसेना. लगेच फोन लावला.

"तपासणीच्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही. चहाबी नाही. बागेत व्यापारी आला होता, सौदा करून तसाच लॅबमंदी गेलो."

संत्र्याच्या घरात वाढलेली मी, मला पुढचं विचारायची गरजच नव्हती. तरी विचारलं. व्यापारी बाग पाहायला आला की मालक त्याच्यासोबत झाडोझाड फिरतो, फळ सोलतो, एक फोड त्याला देतो, एक आपण तोंडात टाकतो.

"किती झाडं चाखली?"

"असतीन साठेक. पन चाखनं म्हंजे काही खानं नाही ना, ताई!"

मी एवढ्या जोरात हसले की रांगेतले पेशंट वळून पाहू लागले. मग स्वतःला आवरलं. ठणठणीत माणसाची साखर तेवढ्या फोडींनी इतकी चढत नाही. काहीतरी होतंच. ते काय, हे मोजूनच कळणार होतं, आणि मला आता दम धरवत नव्हता.

मी बोलावलं तसा तो अमरावतीला आला. रात्रीपासून पोटात फक्त पाणी. आधी साखर आणि इन्सुलिन या दोन्हींसाठी रक्त घेतलं, मग पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून पाच मिनिटांत प्यायला लावलं. तोंड वाकडं करत प्याला. पुढे दोन तास जागेवर बसायचं. दहाव्या मिनिटालाच त्याची चुळबुळ सुरू झाली.

"जरा चौकापर्यंत जाऊन येतो."

"खबरदार! चाललास तर साखर जळते, आकडा चुकतो."

दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. मशीनसमोर मी श्वास रोखून उभी. उपाशीपोटी एकशे सहा. दोन तासांनी एकशे बाहत्तर. मधुमेहाच्या दोनशेच्या आत! मी अक्षरशः टाळी वाजवली. संध्याकाळी इन्सुलिनचा आकडा आला, तो मात्र चांगलाच चढलेला होता.

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी त्याला समोर बसवून समजावलं, "हा अजून मधुमेह नाही. तुमच्या शरीरात इन्सुलिन भरपूर बनतंय, पण शरीर त्याला दाद देत नाही. म्हणून ते आणखी बनवावं लागतं. असंच चाललं तर एक दिवस ते पुरणार नाही. आत्ता सुयांची गरज नाही. पोट कमी करा, रोज चाला, आणि संत्र्याची फोड खाण्यातच धरा."

भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर त्याला तिथंच कडेवर घ्यावंसं वाटत होतं, पंचेचाळीस वर्षांच्या घोड्याला.

जिना उतरताना माझी बडबड थांबत नव्हती. आकडे, जेवण, चालणं, सगळं एका दमात. तो मध्येच पायरीवर थांबला.

"ताई, तुयं कधी मोजलं?"

"मला काय झालंय?"

"मलेबी काही होत नव्हतं." तो माझ्याकडे पाहत राहिला. "बाबा काय माह्या एकट्याचे होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपाशीपोटी लॅबमध्ये गेले आणि माझ्या हाताखालच्या मुलीपुढे दंड उघडा केला.