भोकांचा प्राणी

देवासच्या हिंदी शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यातला सगळ्यात अवघड धडा स्पंजचा. समजायला नव्हे, पटवायला अवघड. प्रयोगशाळेत मुठीएवढा, पिवळट, वाळलेला स्पंज होता. हा समुद्रातल्या प्राण्याचा सांगाडा आहे म्हटलं की वर्ग हसायचा. एकदा तर प्रयोगशाळेतला शिपाई त्याच स्पंजने परीक्षानळ्या घासताना सापडला.

"भिया, ये जानवर है," मी म्हणाले.

"होगा मैडम, पर घिसता अच्छा है."

तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही, नुसती अंगभर बारीक भोकं. त्यांतून पाणी आत येतं, त्यातलं काही टिपून स्पंज जगतो, आणि उरलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून सोडून देतो. भोकं बुजली की संपला. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेतला तो स्पंज भंगारात निघाला होता, म्हणून घरी घेऊन आले आणि न्हाणीघरातल्या फळीवर ठेवून दिला.

मी स्वतः मात्र भोकं बुजवणाऱ्यांतली. माहेर धारचं, मराठ्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात आलेलं. वडील म्हणायचे, राज्य गेलं ते गेलं, भाषा तरी राहू द्या. जेवताना कुणाच्या तोंडून हिंदी शब्द निघाला की वाढणं थांबायचं. नवरा साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आलेला, तो महिन्याभरात भाजीवाल्याशी इथल्या लोकांसारखं "काय भिया" करून बोलू लागला. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मुलगी हिंदी शाळेत शिकली, त्यामुळे तिचं बोलणं धेडगुजरी. तिच्या प्रत्येक वाक्यावर माझं लाल पेन फिरायचं.

दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. तेराव्याला, पाहुणे पांगल्यावर, मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, बाबांची खूप याद येते."

आणि मी म्हणाले, "याद नाही गं, आठवण."

जित्याची खोड. ती उठून आत गेली. दोन दिवसांनी बंगळूरला परतली आणि तिचे फोन आखडत गेले. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते. आपण काय करून बसलो ते मला त्याच क्षणी कळलं होतं, पण तसं म्हणायची हिंमत झाली नाही. दोन वर्षं झाली नाही.

यंदा उन्हाळ्यात मी वरच्या मजल्यावरची झोपायची खोली सोडली आणि मुक्काम तळमजल्यावर हलवला. शेजाऱ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं तर मला त्या दुसऱ्या पलंगाकडे बघवत नव्हतं. सामान हलवताना स्पंज हाती लागला. बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या थराने त्याची भोकं पार लिंपली होती, दगड झाला होता त्याचा. लिंबाच्या पाण्यात भिजत घातला आणि सुईने एकेक भोक मोकळं करत बसले. दुपारी दुसरं काम नव्हतं आणि कुणी येणारही नव्हतं.

तेवढ्यात मुलीचा मेसेज आला. "आजकल दिनभर क्या करती हो?" मी नेहमीसारखं शुद्ध मराठीत उत्तर टाकलं. "आता मी खालीच असते. काळजी करू नकोस."

पाच मिनिटांत फोन वाजला. ऑफिसच्या वेळात ती कधी फोन करत नाही.

"आई, इतकं खाली-खाली वाटतंय तर बताया क्यूँ नहीं? पराई हूँ क्या मी?" तिचा आवाज रडवेला होता.

मला आधी काही उलगडेना. मग ट्यूब पेटली. मराठीत खाली म्हणजे तळाला, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आमच्या घरात दोन्ही चालायचे. मला चिडवायला नवरा मुद्दाम म्हणायचा, "ती खाली बादली खाली ठेव." पोरीने माझं मराठी वाचलं आणि अर्थ हिंदीतला घेतला.

दुरुस्ती जिभेवर तयारच होती. अगं वेडे, खाली म्हणजे तळमजल्यावर. एवढं म्हटलं असतं की ती हसली असती, ठेवते म्हणाली असती, आणि मी परत सुई हातात घेतली असती. ती दुरुस्ती मी गिळली.

"हो," मी म्हणाले. "फार खाली वाटतं. बाबा गेल्यापासून. तुला सांगायची भीती वाटत होती."

ती रडायला लागली. मग बोलायला लागली. मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवत होती, मध्येच इंग्रजी घालत होती. बाबा रोज तिला फोनवर काय सांगायचे ते सांगितलं, मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते गेल्यापासून ऑफिसातून घरी जायला नको वाटतं, म्हणाली. मी हुंकार देत राहिले. माझेही डोळे वाहत होते.

बऱ्याच वेळाने ती थांबली. नाक ओढत म्हणाली, "आई, आज तू मुझे एक बार भी टोका नहीं."