दादाच्या नावानं मी दिलेलं उत्तर

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या शाळेत, स्टाफरूममध्ये इंग्रजीचे पेपर तपासत होते. "वन्सं, हाय तशा निघा," एवढंच त्या बोलल्या. शिरूरच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या कट्ट्यावर, पितळी डब्यावर नाव घालता घालता दादा एका अंगावर कलंडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय एक्कावन्न. एसटी न्हावऱ्याला थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं, तपासायचं लाल पेन अजून हातातच होतं... त्याला आता दीड महिना झाला.

सुदामदादा भांड्यांवर नावं घालायचा. लग्नातली मामाची कळशी, बारशाची वाटी, कुणाच्या स्मरणार्थ वाटायचे डबे. आपल्याकडे भांड्यावर नाव हवंच. बाजारातले बाकीचे लोक विजेच्या मशीननं टर्र करून दोन मिनिटांत मोकळे व्हायचे. दादा हातानं कोरायचा. त्याचा एक मित्र कारेगावला राहायचा, कंपनीत कामाला. तो भोकं पाडायच्या ड्रिलची मोडकी टोकं आणून द्यायचा. दादा ती दगडावर घासून त्यांच्या कोरण्या करायचा आणि मागं बाभळीची मूठ बसवायचा. वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भांडं ठेवायचं, उजव्या हातातली कोरणी जागची हलू द्यायची नाही आणि डाव्या हातानं भांडंच फिरवायचं, म्हणजे वळण गोल येतं. मी एकदा हौसेनं करायला गेले, तर कोरणी सटकून थेट अंगठ्यात घुसली. "बाई, हितं शाळंवानी घाई चालत न्हाई," असं म्हणून वर हसला.

एकदा त्याच्याच हातून चूक झाली. तांब्याच्या कळशीवर देणाऱ्या मामाच्या वडिलांचं आद्याक्षर चुकलं. मामा दुकानात येऊन नाही नाही ते बोलला. कोरलेलं नाव खोडता येत नाही. दादानं मग त्या अक्षरांवरून आणि आजूबाजूनं अशी वेल काढली, की नाव पानाफुलांत बुडूनच गेलं. त्याखाली नवं नाव घातलं आणि तोच मामा कळशी मिरवत घेऊन गेला. त्या वेलीचा फोटो दादानं मोबाईलवरच्या एका ग्रुपवर टाकला. हातानं कोरीवकाम करणारे जगभरचे लोक तिथे होते. एकेका रेघेचा फोटो मोठा करून टाकायचे आणि कोरणीला धार किती अंशाची हवी यावर तावातावानं भांडायचे. बंदुकांवर नक्षी कोरण्यात हयात घालवलेल्या परदेशातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं विचारलं, हे कुठलं फूल? "लिव्ह त्याला, चुकीचं फूल हाय म्हणून," दादा म्हणाला.

लिहायचं काम माझ्याकडे होतं. दादा जेमतेम नववी शिकलेला, इंग्रजीच्या नावानं शंख. त्यानं मला पासवर्ड देऊन टाकला होता. दर रविवारी सकाळी फोनवर मी त्याला उत्तरं वाचून दाखवायची, तो सांगेल ते इंग्रजीत घालायची आणि मध्ये मध्ये त्याला बोलूनही घ्यायची. म्हाताऱ्यानं त्याला चार वर्षं असंच शिकवलं. कोरणीची टाच, म्हणजे टोकाखालची बाजू, घासून गुळगुळीत कर, कापलेली रेघ चमकेल. रेघ जाड करायची तर जोर लावू नकोस, कोरणी कलती धर. दादाचं काम बघता बघता कुठल्या कुठे गेलं. "आजून मोप शिकायचं हाय गं," म्हणायचा. त्याच्या तोंडून असं काही मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग आप्पांना, आमच्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. गावी, कवठे येमाईच्या घरी, मागच्या खोलीत त्यांची खाट पडली. त्यांचं उठवणं, बसवणं, अंग पुसणं दादाच करायचा. वहिनींना एकटीला ते पेलणारं नव्हतं, म्हणून बाजारातली भांडी घरी आणून तो तिथेच नावं घालू लागला. त्याच वर्षी म्हाताऱ्याचा खासगी निरोप आला. तो मीच आधी उघडला. वर्षभरासाठी माझ्याकडे ये, माझ्याच घरी राहा, माझ्यानंतर हे काम कुणाला येत नाही, असं लिहिलं होतं.

मी पहिल्यांदा दादाचा विचार केला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी आप्पांचा विचार केला. दादा गेला तर खाट दौंडला माझ्या दोन खोल्यांत येणार, हा विचार केला. माझी नोकरी, माझी मुलं. आणि त्याच्या नावानं मी चार ओळी लिहिल्या: आभारी आहे, घरच्या जबाबदारीमुळे येणं शक्य नाही. दादाला सांगितलं, म्हातारा तब्येत विचारतोय. तो निरोप पुसायचीही तसदी मी घेतली नाही. त्याला कुठं इंग्रजी येत होतं!

म्हातारा त्यानंतर क्वचितच लिहू लागला. "रागावला काय गं माझ्यावर?" दादानं विचारलं. मी म्हटलं, लोकांना कामं असतात. त्यानं पुन्हा दोन-तीनदा विचारलं, वर्षा-वर्षाच्या अंतरानं. मी तेच उत्तर दिलं. आप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले; ते गेल्यावरच दादा पुन्हा बाजारात बसू लागला. तोवर दादाला जाड चष्मा लागला होता आणि म्हाताऱ्यानं आपला नक्षीकामाचा कारखाना बंद केला होता.

तेराव्यानंतर मी वहिनींपाशी सगळं बोलून टाकलं. त्या भांडी पुसत होत्या. हात थांबला नाही.

"त्येंना ठावं व्हतं, वन्सं."

"कसं?"

"फोनवर खाली भाषांतर म्हणून येतंय की. त्यावर बोट ठेवलं का मराठी. लई आधीपासनं वाचायचे."

"मग मला कशाला वाचायला लावायचा?"

"रविवारी तुमी बोलता म्हणून. एरवी कुठं फोन करत व्हता तुमी?" मग पुढचं भांडं ओढून म्हणाल्या, "तुमी सवताहून कवा सांगताय, त्याची वाट बघत व्हते. म्हणून तर म्हाताऱ्याचं फिरून फिरून इचारायचे."

मी म्हाताऱ्याला लिहायला गेले, तर त्याच्या मुलीचं उत्तर आलं, तोही दोन वर्षांपूर्वी गेला. आता खरं सांगायला माणूस उरलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मागच्या खोलीत दादाचं टेबल तसंच आहे. आप्पांची हाक कानावर यावी म्हणून त्यानं ते खाटेच्या पायथ्याशी लावलं होतं. डावीकडे उंचावर एक झरोका, त्यातून कामापुरता उजेड. परवा मी त्याच्या स्टुलावर बसले. समोर हातभर अंतरावर भिंत, दुसरं काहीच दिसत नाही. दादा तिथे सहा वर्षं बसला. मला दहा मिनिटंही बसवलं नाही.