झुलाल सरांचा उजवा खांदा

सोनगीरच्या हायस्कुलात भूमिती शिकवणारे झुलाल पाटील सर वर्गात जितके मवाळ, तितकेच संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या नेटपाशी आक्रमक. शाळा सुटली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते किल्ल्याखालच्या मैदानावर हजर होत. एसटीत कंडक्टर असलेला धनसिंग त्यांचा लिफ्टर. त्याने चेंडू अलगद वर उचलून द्यायचा आणि सरांनी उडी घेऊन तो पलीकडे ठोकायचा, असं बारा-तेरा वर्षं चाललं होतं. त्यातून मिळत काहीच नव्हतं, पण तो एक तास मिळाला नाही तर सरांचा दुसरा दिवस चिडचिडीत जाई.

१९८८ च्या दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा दुखू लागला. आधी खेळून आल्यावर, मग खेळताना, मग नुसतं बसल्याजागीसुद्धा. दुखणं नेमकं कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येईना. कुठेतरी आत, खोल, ठणकत राही. फळ्याच्या वरच्या भागात त्रिकोण काढायचा तर डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरावं लागे. मुलं हसत नसत, हे सरांना जास्त लागे.

गावातल्या माणसाकडून तेल चोळून घेतलं. धुळ्याला एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी हात वर-खाली करून पाहिला, एक्स-रे फोटो काढायला लावला. फोटोत हाडं अगदी साफ. मानेचा फोटो काढला, तोही साफ. गोळ्या झाल्या, शेक झाला, गळ्यात पट्टा घालून महिनाभर शिकवून झालं. शेवटी डॉक्टर सौम्यपणे म्हणाले की काळजी करणाऱ्या माणसाला दुखणं जरा मोठं वाटतं. ते वाईट हेतूने बोलले नव्हते. पण परतीच्या बसमध्ये सर सोनगीर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. आपण दुखणं रचून सांगतो आहोत की काय, अशी शंका त्यांना स्वतःचीच येऊ लागली.

मैदानावरही तेच. सरांच्या फटक्यात जोर राहिला नव्हता. एकदा हरल्यावर धनसिंग बोलून गेला की सरांना आता खेळायचं नसेल तर तसं सांगावं, खांद्याचं नाव कशाला. दुसऱ्या दिवसापासून ते मैदानावर गेले नाहीत. शाळा सुटली की घरी येऊन वह्या तपासत बसायचे. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंना हे बघवत नसे. बाहेरून चेंडूचा आवाज आला की त्या मुद्दाम भांडी घासायला काढत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा सर मागच्या दारी अंघोळ करत होते. हात पुरत नाही म्हणून यशोदाबाई त्यांची पाठ चोळून देत होत्या. चोळता चोळता त्यांचा हात थांबला. त्यांनी डाव्या बाजूला हात लावून पाहिला, परत उजव्या.

"तुमना खांदाना मांगे खड्डा पडेल शे," त्या म्हणाल्या. "डावा बराबर शे. डाक्टरले पाठ दखाडी का?"

सर आठवू लागले. प्रत्येक वेळी त्यांनी बाही वर केली होती, वरची दोन बटणं सोडली होती. शर्ट कोणी उतरवायला लावलाच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी दोघं धुळ्याला गेली. सर आत जायला कचरत होते. यशोदाबाईंनीच पुढे होऊन डॉक्टरांना सांगितलं की आधी यांची पाठ बघा. डॉक्टरांनी सरांना पाठमोरं उभं केलं. खांद्यामागच्या खवाट्यावरचं मांस उजव्या बाजूला आटून गेलं होतं, चूळभर पाणी राहील इतका खड्डा पडला होता. डॉक्टर बराच वेळ बोटांनी चाचपत राहिले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "मी तुमचा हात पाहिला, मान पाहिली. शर्ट काढून पाठ पाहिली नाही. चूक माझी आहे, सर. तुमचं दुखणं खरं आहे."

पुढचं सरांना फारसं ऐकू आलं नाही. त्यांनी शर्ट अंगात घातला. बटणं यशोदाबाईंनी लावली.

आजाराचं नाव मात्र डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मुंबईच्या एका जुन्या सहकाऱ्याला सविस्तर पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वर्षानुवर्षं तोच हात डोक्यावरून जोरात मारल्याने खांद्यामागची एक नस हाडाशी चेपली असावी, आणि म्हणून तिच्यावर चालणारा स्नायू सुकला. खात्री देता येत नाही. मारणं पूर्ण बंद करावं, व्यायाम करावेत आणि वर्षभर वाट पाहावी. दुखणं बहुधा कमी होईल. खड्डा भरेलच असं नाही.

सरांनी वर्षभर रोज सकाळी भिंतीशी उभं राहून व्यायाम केला. ठणका हळूहळू उतरला. पाऊस-थंडीत थोडा राही, तो तसाच राहिला. फळ्याच्या वरच्या भागात ते पुन्हा लिहू लागले, पण चेंडू ठोकणं संपलं. त्याचं दुःख ते कुणाला बोलून दाखवत नसत.

ही हकिकत धनसिंगला यशोदाबाईंकडूनच कळली. तो एका रविवारी घरी आला, ओट्यावर बसला, चहा प्याला. मागच्या बोलण्याचा विषय त्याने काढला नाही, सरांनीही काढला नाही. उठताना तो म्हणाला, "सर, आते मी मारसू. तुम्ही उचला."

चेंडू उचलून द्यायला ताकद लागत नाही, नजर लागते, आणि कोन तर सरांच्या हाडीमासी मुरलेले. ते महिन्याभरात धनसिंगपेक्षा सफाईने उचलू लागले. धनसिंगला मात्र मारता काही येईना. त्याचे निम्मे फटके नेटमध्ये अडकत. १९९१ मध्ये अमळनेरच्या स्पर्धेत त्यांचा संघ पहिल्याच फेरीत हरला. येताना बसमध्ये धनसिंग आपल्या चुका एकेक सांगत होता, आणि सर पुढच्या वेळी चेंडू नेटपासून थोडा मागे ठेवीन म्हणत होते.