शिट्टीमावशीचा उजवा हात

उपचार केंद्रातल्या कोमट पाण्याच्या तलावाच्या काठावर शिट्टीमावशी एकवीस वर्षं उभी होती. गुडघा, कंबर, पक्षाघात, जे दुखणं येईल त्याला पाण्यात उतरवायची. कुणाचा तोल गेला की उजवा हात सरळ डोक्यावर आणि कर्कश शिट्टी! हात वर दिसला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, हा तिथला नियम.

मग आठ महिन्यांपूर्वी तीच न्हाणीघरात घसरली आणि उजवा हात मोडला.

"एकवीस वर्षं लोकांना सावरलंस, आणि स्वतः साबणावर?" यजमान पंधरा दिवस हसत होते.

हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. "आता हाड नाही, भीती आडवी येतेय," डॉक्टर म्हणाले. केंद्राने साफ सांगितलं, महिनाअखेरपर्यंत हात वर गेला तर ठीक, नाहीतर दुसरं माणूस बघू. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

तिच्या भाचीने वर्षभर त्याच तलावात, पेशंटांना विचारून, पाण्याखालून व्हिडिओ काढले होते. त्यांचं प्रदर्शन लागलं.

"मावशी, तुला यायचंच आहे."

"काय बघायचंय? तीच मंडळी, तेच पाणी!"

तरी गेली. अंधाऱ्या खोलीत तीन भिंतींवर आणि जमिनीवर व्हिडिओतलं पाणी हलत होतं. मावशीने सवयीने चपला काढल्या, "काठ ओला आहे, हळू," असं दोन अनोळखी बायकांना दटावलंही. तेवढ्यात समोर मास्तर आले. पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडलेले, काठ न सोडणारे मास्तर. ते थेट मधोमध आले, डगमगले आणि बुडाले.

"मास्तर! थांबा सगळे!"

खोलीतली माणसं खरंच थांबली. भिंतीवर मास्तर फुर्रकन पाणी उडवत वर आले, हसले. मावशी रजेवर असताना ते डुबकी मारायला शिकले होते!

"मावशी, हात!" भाची ओरडली.

हात सरळ डोक्यावर होता. मावशी त्याच्याकडे बघतच राहिली.

"खाली घेतला आणि परत गेला नाही तर गं?"

"मग मास्तरांना परत बुडवू. दर सात मिनिटांनी बुडतात ते."

मावशीने हात खाली घेतला. पुन्हा वर नेला. "दुखतोय मेला," ती आनंदाने म्हणाली.

मास्तर चार वेळा बुडेपर्यंत ती हलली नाही. पाचव्यांदा ते डगमगायच्या आधीच हात वर होता, आणि मावशी शेजारच्या बाईला सांगत होती, "सोमवारपासून मी कामावर आहे. गुडघ्याचं काही असेल तर या."