बायको एका पायावर, कॉम्प्युटर एका कोअरवर

आमची ही रोज सकाळी नावड्याच्या फ्लॅटमधून साठीपुढच्या बायकांना ऑनलाइन योगासनं शिकवते. एकदा म्हणाली, कॉम्प्युटर फार रेंगाळतो. मी न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं करणारा माणूस, पण व्हिडिओ बघूनबघून तज्ज्ञ झालेला. म्हटलं, "नवा कर्नल बांधतो. बघ कसा पळतो!"

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. बांधण्याआधी तो शेकडो प्रश्न विचारतो, हे हवं का, ते हवं का. 'एकाहून जास्त कोअर वापरायचे?' या प्रश्नाखाली सल्ला होता, 'कळत नसेल तर नाही म्हणा.' मला कळत नव्हतं. लग्नापासून सूचना पाळायची सवय, म्हटलं नाही.

दुसऱ्या सकाळी हिने वृक्षासनासाठी एक पाय उचलला आणि स्क्रीनवर तिचं चित्र तसंच थिजलं. मी तपासून तिला सांगितलं, प्रोसेसरला कोअर, म्हणजे काम करणारे गडी, आठ. त्यातला एकच बिचारा राबत होता आणि सात आडवे पडले होते.

"म्हणजे आपल्या घरासारखंच," ही म्हणाली. "पण माझ्या बायकांचं काय?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या वर्गातल्या, मोरा गावच्या एक आजी धापा टाकत विचारत होत्या, "मॅडम, तुमचा पाय अजून वरच हाय. आमी आमचा खाली ठेवू का? सगल्या थांबल्यान."

"अहो ठेवा, ठेवा! पडाल!" ही ओरडली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही मात्र उचला."

जुना कर्नल पुन्हा चालू होईपर्यंत मी वृक्षासनात होतो.