अंगावरचे कोष

ती झडती आठवली की आजही तळहाताखाली काहीतरी हलल्यासारखं वाटतं.

मी होमगार्डमधून निवृत्त झाले. बायकांची झडती घ्यायची असली की ठाण्यातून मला बोलावणं येई. नावं इथे कुणाचीच लिहीत नाही.

घाटनांदूरकडच्या एका गावात एकाचं रेशीमकिड्यांचं शेड होतं. तयार कोष दर आठवड्याला मूठभर कमी होतात, असा त्याचा तक्रारी अर्ज आला. कुलूप जागेवर, जाळी शाबूत. चोर असता तर गोणी भरून नेली असती. शेडमध्ये कुणीतरी फिरतं, असं गाव बोलू लागलं. मजूर बायका एकट्या आत जाईनात.

ठाण्यातल्या साहेबांबरोबर मी पाहणीला गेले. भर दुपार होती, पण आत अंधूक. अळ्या तुतीचा पाला खात होत्या. हजारो तोंडांची सळसळ चाललेली आणि माणूस मात्र एकही नाही.

बाहेर आल्यावर शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्याने साहेबांना बाजूला घेतलं.

"भूत न्हाई, साहेब. पाला टाकणारी बाई बघा. घरी जाताना छातीशी हात धरून जाती. आधी अशी चालत नव्हती."

बाईला चौकशीला आणलं. चाळिशीची, हडकुळी. मालक तिच्यावर उसळला, "मावशे, लई साधी दिसतीस! माझाच माल घावला व्हय तुला?"

साहेबांनी त्याला बाहेर बसवलं. "कोष कुणाला विकतेस?"

"कुणाला न्हाई."

"मग घेतलेस कशाला?"

तिने पदर छातीशी आवळून धरला. साहेबांनी मला खूण केली.

आतल्या खोलीत दार लावून मी तपासू लागले. चोळीच्या आत कापडाची पट्टी घट्ट आवळलेली होती. हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. आत वळवळ होती. पट्टी सोडली तर पांढरे कोष एकाला एक चिकटून बांधलेले. एका कोषाचं तोंड ओलं झालं होतं आणि त्यातून पाखरू बाहेर सरकत होतं. खाली तिच्या स्तनावर दगडासारखी गाठ, वरची कातडी काळीनिळी.

"पाखरू निघालं का?" तिने शांतपणे विचारलं. "मग आता बदलाया पायजे."

"हे कशासाठी बांधलंस, बाई?" मी विचारलं. ती बोलू लागली.

"मागं शेडवर शिकलेल्या बाई आलत्या, ताई. म्हणल्या, रेशमाचे डोळ्याला न दिसणारे कण करतेत, त्यात औषध भरतेत. ते निस्तं गाठीवर जातं, बाकीच्या अंगाला तरास कमी. माझ्या बहिणीलाबी अशीच गाठ, तिला दवाखान्यात सुया दिल्या. केस गेले, तोंड आतून सोललं, अन् मग तीबी गेली. मला तसलं नगं."

"ते औषध आता मिळतं, असं म्हणाल्या का त्या?"

"न्हाई. अजून तपासायलेत म्हणल्या." ती कोषांकडे बघत होती. "पण रेशीम तर हितंच हाय ना?"

मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी मालकाला आत बोलावून सगळं सांगितलं. त्याचा आवाज पार उतरला. "मावशे, कावून न्हाई बोललीस?"

"कामावर ठिवलं असतं का तुमी?"

त्याने अर्ज मागे घेतला आणि स्वतःच्या जीपने आम्हा दोघींना मोठ्या दवाखान्यात नेलं. ते पाखरू वाटभर तिच्या पदरावर बसून पंख थरथरवत होतं. या पाखरांना पंख असतात, उडता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण उपचार करू.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी झडतीसाठी हात लावण्याआधी विचारत असे, "कुठं दुखतंय का, बाई?" चोरीचा माल काय, नंतरही सापडतो. हा प्रश्न ऐकून कितीतरी जणी तिथेच खाली बसल्या.

काही महिन्यांनी ती आठवडी बाजारात दिसली. डोक्याला रुमाल, भुवया गेलेल्या. माझा हात धरून म्हणाली, "ताई, आलं का वो ते रेशमाचं औषध?"

"न्हाई अजून."

"बरं," ती म्हणाली. "तवर सुया घेते मग."