कप्तानांची बोट

मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा डोंबिवलीतल्या कोपरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटलं, मी आता चारधामला जाणार. मी निघाले शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला.

बोट कळव्याच्या एका निवृत्त कप्तानांची होती. आयुष्यभर मालवाहू जहाजं चालवल्यावर त्यांनी ही जुनी बोट घेतली आणि कित्येक वर्षं स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. एकट्याला खर्च झेपणारा नव्हता, म्हणून त्यांनी सोबती शोधले. प्रत्येकानं खर्चाचा वाटा उचलायचा आणि सुकाणूपासून स्वयंपाकापर्यंत सगळी कामं आळीपाळीनं करायची. मी आणि पुण्याचे एक प्राध्यापक तयार झालो. बोटीवरच्या चौथ्या सोबती म्हणजे कप्तानांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. वहिनींना पोहता येत नव्हतं, बोट लागायची. त्या कशाला येताहेत, मला कळेना.

कोचीहून सेशेल्स बेटांकडे निघालो. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, गोडं पाणी फक्त पिण्यापुरतं. वहिनी जरा बऱ्या असल्या की कुळथाचं पिठलं करायच्या. कप्तान फार मनापासून शिकवायचे. डोळे मिटून वारा कुठल्या गालाला लागतो ते सांगा, म्हणायचे. इतकं मोकळं मला डोंबिवलीत कधी वाटलं नव्हतं.

मग कप्तान जेवून उठल्यावर जेवायला कधी बसायचं, असं विचारू लागले. वय झालं, असं म्हणून प्राध्यापकांनी ते सोडून दिलं. मीही सोडून दिलं.

एका दुपारी आभाळ काळवंडलं आणि वारा एकदम चढला. शीड तातडीनं लहान करायला हवं होतं. कप्तान दोरी हातात धरून माझ्याकडे बघत उभे राहिले.

"ही कुठे बांधायची?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. तेवढ्यात वहिनी कठड्याला धरत वर आल्या. आधी डावीकडची सैल करा, मग ही समोरच्या खुंटीला, असं शांतपणे सांगू लागल्या. त्या सांगत गेल्या, ते करत गेले. मी सुकाणू घट्ट धरून होते.

वारा पडल्यावर कप्तान झोपले आणि मी वहिनींना गाठलं. त्यांनी सांगितलं, कप्तानांच्या विस्मरणाच्या आजाराचं निदान ठाण्यातच झालं होतं, निघायच्या कितीतरी आधी. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलेलं.

"त्यांना एकदा तरी जाऊ द्यायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून मी सगळ्या दोऱ्या पाठ केल्या."

"आणि आमचे जीव?"

मी रागानं उठून सुकाणूपाशी गेले. पुढे मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पण एका सकाळी त्या हलत्या बोटीत कप्तानांची नखं कापत होत्या, त्यांची बोटं एकेक करून स्वतःच्या तळहातावर घेऊन. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. राग गेला असं नाही, पण बसले.

सेशेल्सला पोचल्यावर प्रवास इथेच थांबवायचा, असं प्राध्यापकांनी आणि मी ठरवलं. कप्तानांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बोटीत काही बिघाड आहे का?"

"नाही. बोट उत्तम आहे."

"मग मीच," ते म्हणाले आणि किनाऱ्याकडे बघत राहिले.

बोट तिथेच विकली. नवा मालक ताबा घ्यायला आला, तेव्हा वहिनी कप्तानांना बाजारात फिरायला घेऊन गेल्या. आम्ही चौघं विमानानं परतलो.

मागच्या महिन्यात मी कळव्याला गेलेले. कप्तान खिडकीपाशी बसले होते. वहिनी त्यांना मऊ भात भरवत होत्या. कप्तानांनी मला कुठून आलात, असं अदबीनं विचारलं. डोंबिवलीहून, मी म्हणाले.

"फार लांबून आलात," ते म्हणाले. मग वहिनींना म्हणाले, बाईंना पाणी द्या.

वहिनी मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या. अजून राग आहे का, त्यांनी विचारलं. मला खोटं बोलवेना. त्यांचा हात तेवढा हातात धरून ठेवला, रिक्षावाला मीटर टाकेपर्यंत.